प्रबंधासोबतच पुढच्या कामाची तयारी: आरोग्य-संशोधनाच्या मार्गदर्शकांसाठी

एमडी, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला प्राध्यापकाची जागा मिळणार नाही. हे मार्गदर्शकाला पहिल्या दिवशीच ठाऊक असतं, पण विद्यार्थ्याला मात्र प्रबंध सादर झाल्यावर कळतं. हा उशीर टाळता येतो, आणि त्यासाठी वेगळा अभ्यासक्रमही लागत नाही. प्रबंधाच्या कामातच चार-पाच व्यवसायांची कौशल्यं दडलेली असतात. ती ओळखून दाखवायची, सराव करून घ्यायचा आणि त्याचा पुरावा जमवत जायचा. खाली लेप्टोस्पायरोसिसवरच्या (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापावरच्या) प्रबंधाचं उदाहरण धरलं आहे, कारण कोकणात हा विषय दर पावसाळ्यात दारात येतो.

पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यासोबत निवांत तासभर बसा. ‘पुढे काय व्हायचंय?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळत नाही, हे विचारा. वाडीवाडीत फिरून माणसांशी बोलणं ज्याला आवडतं, त्याला औषध-चाचण्यांचं समन्वयन किंवा जिल्ह्याचं रोगसर्वेक्षण जमेल. ज्याला तक्त्यातली चूक शोधून काढायला आवडते, त्याच्यासाठी विदा (म्हणजे डेटा) व्यवस्थापन आणि जैवसांख्यिकी. लिहिण्यात रमणाऱ्याला वैद्यकीय लेखन किंवा औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तयार करण्याचं काम आहे. उत्तरं एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि दर सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढा. आवड बदललेली दिसली तर चांगलंच.

या बैठकांना महाविद्यालयाबाहेरचा एक माणूस जोडा. मार्गदर्शकाला स्वतः चाललेली वाटच नीट माहीत असते. शिवाय ‘मला शिकवायचं नाही’ हे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या तोंडावर सहसा बोलत नाही.

मग क्षेत्रकार्याचं वेळापत्रक. ते मार्गदर्शकाने आखून देऊ नये, विद्यार्थ्यालाच खर्चासकट आखू द्यावं, कारण प्रकल्प-व्यवस्थापन शिकायची याहून चांगली जागा नाही. त्याला कोकणाचं वर्ष समोर ठेवायला लावा. भाताची लावणी साधारण जुलैत, तेव्हा माणसं दिवसभर चिखलात असतात. मुलाखती संध्याकाळीच होतील. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मच्छीमार वस्तीतलं सर्वेक्षण याच दोन महिन्यांत उरकावं. गणपतीत चाकरमानी येतात आणि घरातली माणसांची संख्याच बदलते. त्या आठवड्यात कुटुंबाची नोंद घेतली तर आकडा फुगतो. तेव्हा ‘गेल्या महिन्यात या घरात कोण राहत होतं?’ हा प्रश्न आधीच घालून ठेवा. प्रश्नावली प्रमाण मराठीत छापली तरी मालवणी बोलणाऱ्या पाच-सहा जणांना ती वाचून दाखवा आणि प्रश्न त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. जिथे ते अडतात, तिथे प्रश्न चुकला आहे.

सगळ्यात जास्त वेळ विदेवर द्या. नोकरीच्या चाचणीत हेच तपासलं जातं, आणि नेमकं इथेच आपले विद्यार्थी कच्चे राहतात. एक चूक वारंवार दिसते. 5 जुलैची नोंद 05/07 अशी भरली आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असली, तर ती 7 मे होते. 12 तारखेपर्यंतच्या नोंदी अशा गुपचूप बदलतात, 13 पासूनच्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. आलेखात लेप्टोचे काही रुग्ण ऐन आंब्याच्या हंगामात जातात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तारीख 2024-07-05 अशीच लिहायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्ती आर (R) ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा किंवा तत्सम प्रणालीतल्या लिखित आज्ञांनी करायची. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी विदा-सूची पहिल्या नोंदीआधी तयार हवी. मोबाइलवर प्रश्नावली भरायला कोबोटूलबॉक्स ही प्रणाली पुरते. ती इंटरनेट नसतानाही चालते, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांत ही सोय लागतेच. सराव मात्र प्रबंधाच्या विदेवर नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019-21 ची विदा नोंदणी करून मोफत मिळते, तिच्यावर महिनाभर हात बसवा.

नीतिसमितीचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि औषध-चाचण्यांचे 2019 चे नियम त्याने वाचलेले असावेत. चाचणीची नोंदणी सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते, हे त्याला न विचारता सांगता यायला हवं.

यानंतर बाहेरचं काम. आठवड्यातला एक दिवस असं तुकड्यांत पाठवू नका, त्यात कुणाचंच काम पुरं होत नाही. सलग सहा आठवडे द्या, तेही नोंदी गोळा झाल्यावर, विश्लेषण सुरू होण्याआधी. जिल्हा सर्वेक्षण कक्ष, सिंधुदुर्गातून जवळ पडणाऱ्या गोव्यातल्या औषध कंपन्या, किंवा घरून करता येणारं वैद्यकीय लेखन, असे पर्याय आहेत. या सहा आठवड्यांचा बोजवारा बहुधा एकाच कारणाने उडतो: विद्यार्थ्याला नुसत्या नोंदी भरायला बसवलं जातं. म्हणून आधीच एका पानावर लिहून घ्या: कोणतं एक काम पूर्ण करून द्यायचं, देखरेख कोणाची, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा, आणि रुग्णांची माहिती बाहेर जाणार नाही याची हमी. 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आढळलेल्या माकडतापासारख्या (माकडांत आणि माणसांत गोचिडींमुळे पसरणाऱ्या तापासारख्या) विषयावर जिल्ह्यात काम केलेला विद्यार्थी प्रयोगशाळा, पशुवैद्यक आणि वन खातं अशा तिघांशीही बोलायला शिकतो.

निष्कर्ष हाती आले की ते तीनदा लिहून घ्या: नियतकालिकासाठी, तालुका आरोग्य अधिकाऱ्यासाठी एका पानात, आणि आशाताईंसाठी अर्ध्या पानात. आशाताईंचा मजकूर त्यांच्यासमोर वाचायचा. ‘मग मी उद्या काय करू?’ असं त्यांना विचारावं लागलं, तर तो पुन्हा लिहायचा.

मुंबईला गेल्याशिवाय संशोधन होत नाही, असं वाटणाऱ्याला महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं काम वाचायला द्या. विंचूदंशावर फक्त प्राझोसिन (मुळात रक्तदाबाचं औषध) आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष, अशी तुलना करणारी त्यांची चाचणी 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली.

परिचयपत्रात ‘लेप्टोस्पायरोसिसवर प्रबंध’ एवढी ओळ पुरत नाही. किती रुग्णालयांतून किती जणांची संमती घेतली, गहाळ नोंदी किती होत्या आणि त्या किती कमी केल्या, कोणती प्रणाली वापरली, हे लिहायला लावा. हे आकडे आयत्या वेळी आठवत नाहीत, म्हणून दर शुक्रवारी दहा मिनिटं वहीत टिपायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. शिफारसपत्र लिहिताना मार्गदर्शकानेही तीच वही उघडावी, आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं पत्र लिहावं.