आपल्या मांडावरचं चित्र काढायला कशी सुरुवात करायची

गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी घरातली जी पोरं चित्रं काढतात त्यांच्यासाठी लिहितेय, कारण आपल्याकडे आदिवासी चित्र म्हटलं की सगळे वारलीच काढत बसतात, वारली सुंदरच आहे पण ती वारल्यांची आहे ना.

कॅनडात नोव्हा स्कोशियाकडे मिकमॅक आदिवासी आहेत, त्यांच्यातले चित्रकार ॲलन सिलिबॉय पूर्वजांनी दगडावर कोरलेल्या आकृत्या आणि साळिंदराच्या काट्यांची नक्षी यातून आपली चित्रं उभी करतात. आपल्याला पण दगड आहे की! रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यात बैल, मोर, गोल चक्रव्यूह कोरलाय, हजारो वर्षांपूर्वीचा.

पण तिथे नंतर जा, आधी आजीकडे बसा. धालो, म्हणजे मांडावर, गावातल्या ठरलेल्या मोकळ्या जागी, बायका गात नाचतात ते, कसे खेळायचे, लाल चौकटीचं आखूड लुगडं खांद्यावर गाठ मारून कसं नेसायचे ते तिला नेसवून दाखवायला सांगा, आणि गाठीचंच स्केच पाच-सहा बाजूंनी करा. पौषात धालो असतील तर मांडावर चप्पल काढून जा, रेकॉर्डिंग विचारूनच. बायका समोरासमोर दोन रांगा करून वाकतात ना, ती वाकलेल्या पाठींची रेषा पकडा, मला तरी त्यात अख्खं चित्र दिसतं.

उसगाळीमळला थंडीत, सकाळी लवकर. ऊन तिरकं असलं की कोरलेल्या रेघा उठून दिसतात, दुपारी काहीच कळत नाही. खडू फिरवायचा नाही, कागद ठेवून घासायचं नाही, कोरलेल्यावर पाय तर नाहीच, बाजूला बसून बघून काढायचं.

रंगाला आपली तांबडी माती. वाळवून, कुटून, जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळा, रात्रभर भिजवलेल्या डिंकाच्या पाण्यात कालवा. प्लायवर आधी पांढरा प्रायमर द्या, पूर्ण सुकला की वर मातीचा हात, आणि तो अर्धवट ओला असतानाच दाभणाने खरवडा, खालची पांढरी रेघ वर येते. देवळांच्या भिंतींवरच्या तांबड्या-पांढऱ्या कावी चित्रांची पद्धत अशीच, फक्त तिथे खाली चुना असतो. डिंक जास्त झाला तर पापुद्रे सुटतात म्हणून आधी तुकड्यावर करून बघा.

बैल जसाच्या तसा उतरवू नका, चक्रव्यूहाच्या वळणांत धालोची रांग घालून बघा. चित्राच्या मागे गाव आणि कोणी सांगितलं ते लिहा, आणि विकायला काढण्याआधी मांडावरच्या बायकांना दाखवून विचारा.