बोअरच्या जड पाण्यात रंगीत आफ्रिकन सिक्लिड

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो, त्या पाण्याबद्दल मराठवाड्यात कोणी चांगले बोलत नाही. पण पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकांत राहणाऱ्या म्बुना गटाच्या सिक्लिड माशांना असेच पाणी मानवते. त्या सरोवराचा पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) साधारण ७.७ ते ८.६ असल्याने आपल्या बोअरच्या पाण्यात वेगळे क्षार मिसळण्याची गरज बहुधा पडत नाही, आणि आरओचे पाणी तर मुळीच वापरू नये. शेतातील खते भूजलात उतरतात, म्हणून नायट्रेट मात्र टेस्ट किटने एकदा तपासून घ्यावे. नळाचे पाणी असल्यास आधी क्लोरीन काढावे.

टाकी किमान ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असावी. तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी बसते. तळाला थर्माकोलचा पत्रा, त्यावर घट्ट रचलेले काळे दगड आणि शेवटी धुतलेली वाळू, हा क्रम बदलू नये, कारण हे मासे वाळू उपसतात आणि वाळूवर टेकवलेला दगड त्यांच्या उकरण्याने कलंडून काच फोडू शकतो. फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू वाढण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढी वाट पाहणे इथे अधिकच गरजेचे आहे, कारण माशांच्या मलातून सुटणारा अमोनिया हेच जिवाणू पचवतात, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया विषारी ठरतो.

दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून मिळणारी पिल्ले पैदाशीसाठी घेऊ नयेत, त्यांच्या जातीचा भरवसा नसतो. नवशिक्याने यलो लॅब या पिवळ्या म्बुनापासून सुरुवात करावी. या जातीत नर-मादी ओळखणे अवघड असल्याने ८ ते १० पिल्ले एकत्र वाढवावीत आणि पुढे एका नरामागे ३-४ माद्या राहतील असे पाहावे. रेड झेब्रा ही दुसरी म्बुना जात सोबत ठेवल्यास संकर होतो, म्हणून तो मोह टाळावा. खाद्य स्पिरुलिना शेवाळाचे द्यावे, अधूनमधून उकडलेला पालक चालतो. ट्युबिफेक्स किड्यांसारखे मांसल खाद्य रोज दिल्यास पोट फुगून मासे दगावतात.

आमच्याकडची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. या माशांना २४ ते २८ अंश तापमान लागते आणि पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. त्या दिवसांत झाकण काढून जाळी घालावी, पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंप जवळ ठेवावा. एका दुपारी वीज चार तास गेली, तेव्हा माझ्याकडे तो नव्हता आणि सहा मासे गेले. उन्हाळ्यात पाणी आटले की क्षार मागे राहून घट्ट होत जातात; त्यामुळे नुसती भर न घालता दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे, आणि काढलेले पाणी कुंड्यांना घालावे.

पैदास मात्र पावसाळ्यानंतर करावी, असे माझे मत आहे. नर सपाट दगडाजवळची वाळू झाडून जागा करतो. मादी अंडी घालताच ती तोंडात घेते आणि नराच्या गुदपरावरील (पोटाखालच्या मागच्या परावरील) अंड्यांसारख्या ठिपक्यांना तोंड लावते, तेव्हा तोंडातच फलन होते. त्यानंतर ती चूळ धरून बसल्यासारखी दिसते: हनुवटी खाली लोंबते, जबडा मधूनमधून हलतो आणि समोर खाद्य पडले तरी ती तोंड फिरवते. हा उपास सुमारे तीन आठवडे चालतो. घाईने जाळे घातल्यास ती अंडी गिळते किंवा टाकून देते. म्हणून साधारण १८व्या दिवशी, रात्री दिवा मालवल्यावर, तिला हलकेच वेगळ्या टाकीत न्यावे. पिल्ले १० ते २५ निघतात आणि बाहेर येताच चुरलेले खाद्य किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खातात. मादीला लगेच मूळ टाकीत सोडू नये. ती अशक्त असते, तिला आठवडाभर वेगळे ठेवून खाऊ घालावे.

जास्तीची पिल्ले दुकानदाराला द्यावीत, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नयेत. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी याच कुळातली आहे, तीही अंडी तोंडातच उबवते, आणि आज ती आपल्या तलावांत स्थानिक माशांच्या वाट्याचे खाते आहे.