शाखेतल्या माणसाचा राजीनामा येण्याआधी : ग्रामीण शाखाधिकाऱ्यांसाठी

धारणी, मारेगाव किंवा एटापल्लीसारख्या तालुक्यातल्या बँकेच्या छोट्या शाखेचे काम चार-पाच माणसांवर चालते. त्यांतला एक गेला की बदली माणूस येईपर्यंत उरलेल्यांवर दुप्पट भार पडतो आणि त्या भारातूनच पुढचा राजीनामा तयार होतो. त्यामुळे कारणाचा शोध राजीनामा हातात पडण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

आधी जाणाऱ्यांत फरक करावा. आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेतून क्लार्क झालेला तरुण रात्री अधिकारीपदाचा अभ्यास करीत असेल, तर त्याला अडवू नये. निकाल साधारण कधी लागणार ते मोकळेपणी विचारून त्याचे काम दुसऱ्याला शिकवायला घ्यावे. थांबवता येतो तो कामाला विटलेला माणूस, आणि तो सहसा स्वतःहून बोलत नाही.

त्याला ओळखण्यासाठी एका साध्या वहीत महिनाभर प्रत्येक जण प्रत्यक्ष किती वाजता शाखेबाहेर पडला, याची नोंद ठेवावी. खरिपाच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये, ही वही सर्वांत बोलकी असते; तेव्हा नवी पीककर्जे, जुन्या खात्यांचे नवे-जुने (म्हणजे जुने कर्ज भरून त्याचे नूतनीकरण) आणि केवायसीची रांग एकाच काउंटरवर येऊन आदळतात. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या आधार जोडणीची गर्दी ज्यांनी झेलली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्याच्या वेळा सतत उशिराच्या दिसतील, त्याच्याकडचे एक काम काढून घ्यावे. नुसती शाबासकी देऊन भागत नाही.

माझ्या मते पगारापेक्षा अपमान माणसाला अधिक लवकर बाहेर काढतो. पीककर्जाला आलेल्या शेतकऱ्याला विम्याची पॉलिसी गळ्यात मारावी लागली, की तोच शेतकरी आठवडी बाजारात भेटल्यावर कर्मचाऱ्याला मान वर करता येत नाही. विम्याचे टार्गेट शाखेला असले, तरी ते पीककर्जाच्या टेबलापासून दूर ठेवणे शाखाधिकाऱ्याला शक्य असते. वसुलीचेही तसेच आहे. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीनंतर पुन्हा माफी होईल या आशेने थांबलेल्या कर्जदाराकडे कर्मचाऱ्याला एकटे पाठवू नये, दोघांना पाठवावे, आणि थकबाकीच्या आकड्यांसाठी विभागीय कार्यालयातून येणारे संध्याकाळचे फोन स्वतः घ्यावेत.

रजेचा हिशेबही तपासावा. संवेदनशील पदावरील कर्मचाऱ्याला वर्षातून किमान 10 कामाचे दिवस सलग, पूर्वसूचनेविना रजेवर पाठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून आहे. ती विश्रांती समजून त्याची हक्काची रजा नाकारू नये.

एवढे करूनही राजीनामा आलाच, तर “का जाता?” असे विचारू नये, कारण त्यावर “घरची अडचण” हेच उत्तर मिळते. “जायचे कधी ठरवले, त्या दिवशी शाखेत काय घडले होते?” असे विचारावे, उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि वेळांच्या वहीसह, त्याची हरकत नसेल तर, विभागीय कार्यालयाकडे पाठवावे.