ऑनलाइन फळ्यावर चर्चा घेण्याआधी

आधी प्रश्न लिहून काढा, टूल नंतर निवडा. ‘पाऊस कसा पडतो?’ असं पॅडलेटवर, म्हणजे सगळ्यांना चिठ्ठ्या चिकटवता येतात अशा ऑनलाइन फळ्यावर, विचारलं, तर पुस्तकातली तीच दोन वाक्यं तीस वेळा चिकटवलेली दिसतात. ‘ढगात एवढं पाणी असतं, मग ढग खाली का पडत नाही?’ असं विचारा. माझ्या वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या एका मुलीने यावर लिहिलं होतं, ‘पडतोय, पण खूप हळू.’ ढगातले थेंब सेकंदाला जेमतेम एखादा सेंटिमीटर खाली येतात आणि वर चढणारी हवा त्यांना तोलून धरते. तिच्या त्या एका ओळीवर आमचा अर्धा तास रंगला. अशी ओळ लिहायला वेळ लागतो, म्हणून लिहिण्यासाठी सलग सात-आठ मिनिटं राखून ठेवा आणि तेवढा वेळ आपण गप्प बसा. हे मला अजूनही जड जातं.

छोट्या नोंदींना पॅडलेट बरं, एकत्र मसुदा लिहायला गूगल डॉक्स. डॉक्समध्ये एकाच वेळी १०० जणांना लिहिता येतं, पण अख्खा वर्ग एका पानावर उतरला की कोणाचं वाक्य कुठे गेलं ते कळेनासं होतं. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला वेगळं पान द्या. पानावर आधीच तीन रकाने आखून ठेवा: आमचं मत, त्याचं कारण, दुसऱ्या गटाचं पटलेलं म्हणणं. तिसऱ्या रकान्यामुळे मुलं एकमेकांचं वाचतात, एरवी फक्त आपलंच लिहून मोकळी होतात.

लिंक आदल्या दिवशी इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे आपलं लॉगिन नसलेल्या ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून पाहा. आपल्या लॉगिनमधून सगळं सुरळीत चालतं आणि वर्गात मात्र परवानगी मागणाऱ्या ईमेलची रांग लागते. मुलं लॉगिन न करता आली तर डॉक्समध्ये नावाऐवजी ‘अनामिक’ आणि एखाद्या प्राण्याचं नाव दिसतं, मग कोणी काय लिहिलं हे शोधता येत नाही. नाव हवं की नको, हे आधीच ठरवून मुलांना सांगा. नावाशिवाय लिहू देणार असाल तर पॅडलेटमध्ये नोंद आधी तुमच्याकडे मंजुरीला येईल अशी सेटिंग करा. कुणाच्या नावाने काही वाईटसाईट लिहिलं गेलं, तर नंतर पुसून उपयोग नसतो, तोवर सगळ्यांनी वाचलेलं असतं.

मजकूर चुकून पुसला गेला तर डॉक्सच्या फाइल मेनूतली व्हर्जन हिस्ट्री (पानाच्या जुन्या आवृत्त्या) उघडायची, हे मुलांना पहिल्याच दिवशी करून दाखवा. पुसणारं मूल रडवेलं होतं, त्याला आधी धीर द्या.

नेट गेलं तर कागदाच्या चिठ्ठ्या तयार असू द्या. फोन कमी असतील तर दोघांत एक.

आणि तास संपला की बोर्ड पीडीएफ करून ठेवा. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४च्या अखेरीस बंद झाला. टूल असं बंद झालं, तरी मुलांचं लिखाण आपल्याकडे राहायला हवं.