तेल पिणारी बाइक

माझी ६०० सीसीची चार सिलिंडरवाली बाइक २२ हजार किलोमीटरलाच इंजिनचं तेल प्यायला लागली. हजार किलोमीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर! घाटात जोर लावला की मागे निळसर धूर. मित्रांचं निदान एकच: ‘रेडलाइनला (इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) पळवतोस, दुसरं काय होणार?’ मलाही ते पटलं होतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं; चारही सिलिंडरमध्ये कमी. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा लगेच चढला. तेलाने पिस्टनभोवतीची फट तात्पुरती बुजली; म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पिस्टनच्या रिंगा गेल्या.

का गेल्या, ते एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) उघडल्यावर कळलं. फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर पिठासारखी धूळ. मी हौसेने बसवलेला धुण्याचा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर एका कडेला नीट बसतच नव्हता. शिवाय मागच्या वेळी धुऊन त्याला तेल लावायचं मीच विसरलो होतो (हे मित्रांना अजून सांगितलेलं नाही). आणि माझा रोजचा रस्ता क्रशरजवळचा. ती दगडी धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरचंच काम करते. सिलिंडरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कडक लेप असल्याने तो मापात राहिला. झिजल्या त्या रिंगा.

नव्या रिंगा, त्यांच्या टोकांमधला गॅप फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजून. कंपनीचा कागदी फिल्टर, कडेला ग्रीसची पातळ रेघ. तेल १०डब्ल्यू-४०, जासो एमए२ (तेलात बुडालेला क्लच असणाऱ्या बाइकसाठीचं मानक).

सहा हजार किलोमीटर झाले. काचेतली तेलाची पातळी जेमतेम हललीय. रेडलाइन अजूनही गाठतो, फक्त इंजिन नीट तापल्यावर.