आपल्या एस.टी. आगाराचा इतिहास लिहिताना

कोल्हापूर जिल्ह्यातील एस.टी.चा इतिहास लिहू पाहणाऱ्याने एक तारीख जपून वापरावी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली हे खरे. परंतु त्या दिवशी कोल्हापूर मुंबई प्रांतात नव्हतेच. संस्थानाचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले. त्यापूर्वीच्या काळासाठी येथील पुराभिलेखागारातील संस्थानी दप्तर पाहावे आणि खासगी सर्व्हिस मोटारींच्या, विशेषतः युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या वायूवर चालवलेल्या गाड्यांच्या आठवणी घरोघरी विचाराव्यात.

संपूर्ण जिल्हा एकदम हाती घेऊ नये. गारगोटी, चंदगड, मलकापूर, कुरुंदवाड यांपैकी आपल्या ओळखीचे एकच आगार निवडावे. के.एम.टी. ही महापालिकेची स्वतंत्र सेवा असल्याने तिच्या नोंदी यात मिसळू देऊ नयेत.

आगार कधी सुरू झाले आणि सुरुवातीला कोणते मार्ग होते, अशी नेमकी माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विभागीय कार्यालयाकडे मागता येते. ‘सर्व इतिहास द्यावा’ असा मोघम अर्ज केल्यास हाती काहीच लागत नाही. उद्घाटनांच्या आणि भाडेवाढीच्या बातम्यांसाठी १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या अंकांची चौकशी करावी.

जुने तिकीट सापडल्यास ते फार मोलाचे समजावे. आमच्या घरच्या ट्रंकेत पोथीच्या पानांत खुणेसाठी घातलेले एक तिकीट मिळाले; कागद पिवळा पडलेला, कडेला वाहकाच्या चिमट्याचे छिद्र, तारीख कोठेच नाही, मात्र ‘नवे पैसे’ हे शब्द स्पष्ट. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि ‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले, म्हणून ते तिकीट साधारणपणे त्या सात वर्षांतले ठरते. आण्यांतील तिकीट त्याआधीचे मानावे, पण छापील साठा संपेपर्यंत जुनी तिकिटे चालली असण्याची शक्यता गृहीत धरावी. महामंडळाच्या नावात ‘मुंबई राज्य’ असेल, तर ते १ मे १९६० च्या सुमारापूर्वी छापलेले असणार. निपाणी–बेळगावच्या मार्गांबाबत १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख तितकीच महत्त्वाची आहे, कारण तोवर एकाच राज्यात असलेला तो प्रवास त्या दिवसापासून आंतरराज्य झाला.

निवृत्त चालक-वाहकांना ‘तेव्हाचे दिवस कसे होते’ असे विचारू नये. पहिली ड्युटी कोणत्या मार्गावर लागली, मुक्कामाची गाडी कोणत्या गावात राहायची, रात्री जेवण कोणाकडे आणि निजायचे कोठे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडी कोठवर जायची, असे विचारले की माणूस मनापासून बोलू लागतो. मुक्कामी गाडीवरून गावाचे बाजार, शाळा आणि दवाखान्याशी असलेले नातेही उलगडते, म्हणून या भागाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. वर्ष आठवत नसेल, तर ‘गाडी कोयनेच्या भूकंपाआधी आली की नंतर?’ असे विचारावे; ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या पक्की लक्षात असते. प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे वय आणि हुद्दा लिहावा, आणि कागद व आठवण जुळत नसतील तर दोन्ही शेजारी-शेजारी नोंदवून मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवावा.