मंगोलियाला चाललात? मग या चुका टाळा

मंगोलियाच्या ट्रिपची वाट लागते ती बहुतेक वेळा घरी बसूनच, गूगल मॅपवर. दहा दिवसांची सुट्टी असते आणि त्यात दक्षिणेचं गोबी पण हवं, उत्तरेचा खोव्स्गोल लेक पण हवा, पश्चिमेला बायन-उल्गीचे गरुड पाळणारे कझाक पण बघायचेत आणि मधे कुठेतरी एक रात्र भटक्या लोकांच्या घरी. अहो, हा देश महाराष्ट्राच्या पाचपट आहे! साधारण 15.6 लाख चौरस किलोमीटर, आणि माणसं किती तर 35 लाखांच्या आसपास, त्यातली निम्मी एकट्या राजधानीत, उलानबातरमध्ये. उरलेल्या भागात मुख्य डांबरी रस्ता सोडला की गवतावर उमटलेल्या टायरच्या खुणा हाच रस्ता, तिथे ताशी 30-40 ने गाडी चालली तरी बरं म्हणायचं. नकाशावर 200 किमी दिसले की आपण तीन तास धरतो, तिथे तो अख्खा दिवस असतो. त्यामुळे आठ-दहा दिवस असतील तर एकच भाग निवडा, एक तर गोबी आणि येताना मध्य मंगोलियातलं ओर्खोन नदीचं खोरं, नाहीतर फक्त उत्तर. बायन-उल्गी राजधानीपासून रस्त्याने दीड हजार किमीच्या वर आहे, तिकडे देशांतर्गत विमानानेच जा आणि त्याला वेगळे दिवस द्या.

आणि प्लॅनमध्ये एक रिकामा दिवस ठेवाच. पाऊस झाला, नदीला पाणी वाढलं की ड्रायव्हर थांबतो, अशा वेळी त्याच्या मागे लागू नका. त्या रशियन फुर्गोन व्हॅनमध्ये तो वाट्टेल तिथून गाडी काढतो हे खरं, पण तो नको म्हणाला तर नकोच, तिथे फसलेली गाडी काढायला दुसरी गाडी येईपर्यंत रात्र जाऊ शकते.

कॅम्प वेगळा, घर वेगळं

यावरून सगळ्यात जास्त निराशा होते. टूर कंपनीच्या कागदावर 'गेरमध्ये मुक्काम' (गेर म्हणजे भटक्यांचं गोल तंबूसारखं घर) एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की मेंढपाळ कुटुंबात राहणार. प्रत्यक्षात तो पर्यटकांचा गेर कॅम्प असतो, तिथे ओळीने पंधरा-वीस गोल तंबू, पलीकडे शॉवर, जेवायला वेगळा हॉल. कॅम्प वाईट नाही, पाठीला आराम मिळतो, पण भटकं जीवन बघायचं असेल तर बुकिंग करतानाच स्पष्ट विचारा की कुटुंबाकडे किती रात्री आणि कॅम्पमध्ये किती. कुटुंबं ऋतूप्रमाणे जागा बदलतात, वर्षातून दोनदा-चारदा तरी, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर लोकेशनची पिन दिसली म्हणून तिथे तेच घर सापडेल असं धरून चालू नका. स्थानिक ड्रायव्हर वाटेत विचारत विचारत बरोबर पोचवतो.

घरात शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नका, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दार दक्षिणेकडे असतं, आत गेल्यावर डावीकडून म्हणजे पश्चिमेच्या बाजूने जायचं, पाहुण्यांची बाजू तीच. समोरची उत्तरेची जागा मानाची, तिथे घरातल्यांनी बोलावलं तरच बसा. मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही, एकमेकांना वस्तू पण त्यातून द्यायची नाही, आणि शेगडीत कचरा, टिश्यू, रॅपर अजिबात टाकू नका कारण अग्नीला ते फार मानतात. शेगडीकडे पाय करून बसणं पण नाही. काही घ्यायचं-द्यायचं ते उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून. घराबाहेर कुत्रं असतंच आणि ते राखणीचं असतं, लाडाचं नाही, म्हणून लांबूनच 'नोखोइ खोर' म्हणून हाक मारा, कुत्रं धरा असा अर्थ, घरातलं कोणीतरी बाहेर येईपर्यंत गाडीतून उतरू नका.

अजून एक, मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात चहा, तांदूळ, फळं असं काहीतरी द्या, लांबच्या भागात ताजी फळं-भाज्या खरंच दुर्मिळ असतात.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी लोकांनी इथे भ्रमात राहू नये. उलानबातरमध्ये शाकाहारी हॉटेलं चांगली आहेत पण गवताळ प्रदेशात जेवण म्हणजे मटण आणि दूध. बूज (वाफवलेले मोमो), खुशूर (तळलेली करंजी), त्सुइवान (नूडल्स) सगळ्यात मांस, आणि 'मांस नको' म्हटलं की कधीकधी तुकडे काढून तीच वाटी पुढे येते. यात त्यांची काही चूक नाही, जिथे शेती फारशी होत नाही आणि हिवाळा उणे तीस-चाळीसपर्यंत जातो तिथे माणूस जनावरांवरच जगणार. तेव्हा गाईडला आधीच सांगा, आणि सोबत थेपले, मेतकूट, लाडू, इन्स्टंट उपमा ठेवा, गरम पाणी कुठेही मिळतं.

चहा येतो तो दूध घातलेला आणि खारट. उन्हाळ्यात ऐराग येईल, घोडीचं आंबवलेलं दूध, त्यात थोडं अल्कोहोल असतं आणि सवय नसलेल्या पोटाला ते चांगलंच हलवून सोडतं. वाडगा नाकारू नका आणि संपवूही नका. दोन्ही हातांनी घ्यायचा, ओठाला लावायचा, एखादा घोट, आणि परत द्यायचा, यात कोणाचा अपमान होत नाही. पोट बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं आपल्याजवळ हवीत, मेडिकलचं दुकान जवळपास नसणार. आणि मार्मट नावाचा घुशीसारखा प्राणी दिसला तर हात लावू नका, कोणी खाऊ घातला तरी नको. त्याच्यातून प्लेग होतो आणि 2019 मध्ये बायन-उल्गीत कच्चं मार्मट खाल्ल्यामुळे एक जोडपं दगावलं होतं.

घोडा, रेनडिअर आणि गरुड

मंगोल घोडा ठेंगणा दिसतो म्हणून त्याला तट्टू समजू नका, तो वर्षातला बराच काळ मोकळा चरतो आणि थोडा रानटीच असतो. डाव्या बाजूनेच चढा, फडफडणारं जॅकेट किंवा कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी घोड्यावर नकोच, त्या आवाजाने घोडे उधळतात. हेल्मेट बहुतेक ठिकाणी मिळत नाही, इथून न्या.

खोव्स्गोलच्या पलीकडे तैगामध्ये, म्हणजे उत्तरेच्या थंड जंगलात, त्सातान लोक राहतात, जेमतेम काहीशे माणसं, रेनडिअर पाळणारी. त्यांच्याकडे जायला त्सागाननूर गावापासून घोड्यावरून जावं लागतं आणि सीमाभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा. ते जमत नसेल तर सोडून द्या, पण लेकच्या काठावर फोटोसाठी खाली आणून बांधलेल्या रेनडिअरना पैसे देऊ नका. ती थंडीतली जनावरं, खालची उष्ण हवा त्यांना मानवत नाही, आपण पैसे दिले की पुढच्या वर्षी अजून आणतात.

गरुडांचंही तसंच. गरुडाकडून करायची शिकार थंडीत चालते, जुलैमध्ये जाऊन शिकार बघायला मिळणार नाही, फक्त हातावर गरुड घेऊन फोटो. खरंच बघायचं असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला बायन-उल्गीचा गरुड महोत्सव असतो. नादाम, म्हणजे कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजीचा राष्ट्रीय उत्सव, बघायचा असेल तर 11 ते 13 जुलै, पण राजधानीत हॉटेलं भरलेली आणि स्टेडियममधल्या उद्घाटन सोहळ्याची तिकिटं मिळणं अवघड. माझं मत विचाराल तर एखाद्या छोट्या गावचा नादाम गाठा, तिथे कुस्ती अगदी समोर बसून बघता येते आणि घोड्यांच्या शर्यतीची धूळ अंगावर येते.

कपड्यांचं थोडक्यात, जुलैमध्ये पण रात्री स्वेटर आणि जाड मोजे लागतात, गोबीत दुपारी भाजतं आणि पहाटे कुडकुडायला होतं. तालुक्याच्या गावाबाहेर नेटवर्क धरू नका, ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, तुगरिक या तिथल्या चलनात रोख पैसे जवळ ठेवा. इन्शुरन्स घेताना त्यात दुर्गम भागातून उचलून आणण्याचा खर्च आणि घोडेस्वारी दोन्ही आहेत का ते वाचून घ्या, बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये घोडेस्वारी वगळलेली असते.